खानावळवालीवर वार

—नाही नाही, दाजी, उठायचं नाही, पडून राहा. आणि बोलायला तर बघूच नका, डॉक्टर काय म्हणाले — जबडा तारेनं आवळलाय, तोंड उघडलंत की पुन्हा पहिल्यापासून सगळं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार, होऊ दे की! साहेब खाली गेलेत, येतील इतक्यात जबाब घ्यायला. जबाब म्हणजे काय — ते विचारणार कोणी मारलं, आणि तुम्ही बोट करायचं माझ्याकडे. तुमच्या मेव्हण्याकडे, ह्या शिंप्याकडे. मी नाही म्हणतोय का? इस्त्री मी घातली तुमच्या तोंडावर, ह्या हातानं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन. गार होती, नशीब समजा. तुम्ही वाकला होता, तुम्हाला काही दिसलं नाही, मग मी सांगतो ते मानायला तुमचं काय जातंय? ताईचं नाव मध्ये आणायचं नाही, बस्स. ती तुरुंगात गेली तर तुमची चिमी, एवढीशी पोर, एकटी राहणार तुमच्या हाताखाली — ते मी जिवंत असेपर्यंत होऊ देणार नाही.

आधी आम्ही जिनाच सांगितला होता बरं का. जिन्यावरून पडले म्हटलं. तुमच्याच घरातलं कारण ते, ताई कधीपासून त्याच जिन्यावरून पडतेय आणि आम्ही शहाणे मान डोलावतोय — पण डॉक्टर पडले वस्ताद, म्हणाले, तुमच्या जिन्याला इस्त्रीचं टोक आहे का हो? मग मीच म्हटलं, मी मारलं.

खेळ होता हो, दाजी, खेळ! मारामारीचा, पण तोंडानं करायची मारामारी. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, मी असं करतो, मी तसं करतो म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. शेजारचा घड्याळवाला कधीचा मागे लागला होता, तू सांग, तू सांग — आणि मी कधी चार माणसांत तोंड उघडलेला माणूस नाही, माझी पाचावर धारण बसली होती. पण केली तयारी. कापायच्या टेबलावर काळं अस्तर पसरलं, कोपरे उडू नयेत म्हणून इकडे कात्री, तिकडे इस्त्री ठेवली, खडूनं गुहा काढली, वाटा काढल्या, प्रत्येकाला एकेक बटण — ताईला लाल, घड्याळवाल्याला शिंपल्याचं, तुम्हाला कोटाचं पितळी. तुम्हाला कोणी बोलावलं होतं? ताईला एकटीला सोडायचं नाही म्हणून आलात. आणि काय रंगलात, बाप रे! पहारेकऱ्याचा गळा चिरलात, कुत्र्याच्या पोटातून भाला आरपार, राक्षसाचे दोन्ही हात खांद्यापासून उपटलेत, आणि घड्याळवाला टाळ्या पिटतोय, आणि मीही — खोटं कशाला बोलू, मलाही चेव चढला होता. पहिलाच डाव आणि असा रंगला, नवशिक्याला आणखी काय हवं असतं?

मग ती खानावळवाली आली. मीच आणली, म्हटलं जरा दम खातील, जेवतील, पुढची वाट विचारतील. ती म्हणाली — म्हणजे मी म्हणालो, आवाज बारीक करून — आधी पायातली चिखलाची पायताणं काढा, मग आत या. एवढंच! आणि तुम्ही म्हणालात, हिला मारतो. मुरलेला माणूस असता तर म्हणाला असता, हे नको, पुढे चला. मी पडलो नवखा. नियमात होतं, वार रंगवून सांगितला तर फाशाला सवलत द्यायची — मी वेड्यासारखा विचारतोय, कसा मारता? सांगा ना, नीट सांगा. सांगितलंत. आधी दाराला कडी. मग रेडिओ मोठा — भाल्यांच्या गोष्टीत रेडिओ कुठला, दाजी? मी हसलोसुद्धा, मूर्ख मेला! मग केस मुठीत धरायचे, मागून, मानेपाशी, तिथलं दिसत नाही. तोंडाला हात लावायचा नाही. बरगड्यांत मारायचं, ते कोपरानं, मुठीचे वळ उठतात. तिच्या तोंडात टॉवेल. आणि झालं की तिला तोंड धुवायला लावायचं, चहा आपण स्वतः करायचा. राक्षसाला मारताना ओरडत होता तुम्ही. हे सांगताना आवाज अगदी खाली, साधा, भाजीत काय काय घातलं ते सांगावं तसा.

घड्याळवाल्याचं हसू तिथंच विरलं. खानावळवाली काय करते ते मी सांगायचं खरं तर. आणि ताई बोलली. तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणाली, मग ती म्हणते, चुकलं माझं, आणि चहा पिते, साखर फार असते त्यात. — कळलं तरी का तुम्हाला, दाजी? नाही! तुम्ही म्हणालात, टाकू का फासा? टाकलात पण. फासा उडाला टेबलावरून, गेला मशीनच्या पायडलाखाली, आणि मला असं वाटलं, ह्या माणसाचं नरडं दाबावं, कात्रीनं फाडावा उभा, आतडी काढून टेबलावर ठेवावीत. खरं सांगतो, असं वाटलं. अजून वाटतंय.

आणि तुम्ही समजत असाल वार बसला. डोंबल बसला! एक पडला होता, एक, सगळ्यात हलका आकडा. मी बघितलाय माझ्या डोळ्यांनी. डोक्यात नुसती आग, तरी नियम सुटला नाही माझा — खाली गेलेला फासा गोष्ट सांगणाऱ्यानं स्वतः बघायचा, नाहीतर लोक बिनदिक्कत खोटं सांगतात — म्हणून तुमच्या आधी मी शिरलो खाली, दोन्ही गुडघ्यांवर, पायडलाखाली मान घालून, आणि एक दिसला मला, ओरडणार होतो, चुकला, वार चुकला, तेवढ्यात वर खाड्‌कन आवाज —

म्हणजे मी. मी वर आलो आधी. आधी बघितला, मग उठलो, मग इस्त्री... असं काय बघताय? हो, ताईच्या बाजूला होती इस्त्री, पण माझा हात लांब — शिंप्याचा हात, दाजी, तुम्हाला माहीत आहे —

ती लिहायची पाटी कशाला घेताय? नुसतं बोट करायचं ठरलंय आपलं. दाजी, ठेवा ती. हे बघा, लोकांत काय सांगाल तुम्ही, बायकोनं — नाही, मी मारलं. मी मारलं!

या, साहेब. नाही, आमचं झालंय बोलून, मीच आहे तो, चला, कुठं सही करू? त्यांना ताप आहे, ते काहीही लिहितील, पाटीकडे बघू नका तुम्ही. दाजी, चिमीकडे बघून तरी. पुसा ते. दाजी, पुसा.