चष्मेवाला हेर

गहिनीनाथ : …म्हनून म्हनलं, मास्तर नगरच्या दवाखान्यातनं घरी आलाय तर जाऊन तोंड दाखवावं. शांत्या, ऐकतोस ना?

शांतवन : डाव्या बाजूला बस. उजव्या कानानं ऐकू येत नाही.

गहिनीनाथ : अजून? लढाईच्या दिवसांत मार बसला, ती लढाई संपून बी महिना उलटला की.

शांतवन : डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, आतली नसही गेली. आता यायचं नाही.

मरिया : बस गहिनीनाथा, चहा टाकते.

गहिनीनाथ : नको मावशी. ह्या घरचा चहा माज्या घशाखाली उतरायचा न्हाई.

मरिया : का रं? तू कुठं हात उचललास त्याच्यावर? शाळेपासनं जोडीचे तुमी.

गहिनीनाथ : तेच सांगाया आलोय. थेटरच्या टांग्यात भोंगा घेऊन मीच वरडत फिरतो ना? त्या दिवशी मालकानं कागदावर एवढंच दिलं हुतं, ‘लढाईचा नवा खेळ, दुपारी तीनला.’ पुढचं मी पदरचं घातलं.

शांतवन : काय घातलंस?

गहिनीनाथ : ‘चष्मेवाला हेर! बंद खोलीत यंत्राशी बोलनारा सैतान! बघा, तुमच्या आळीत तर न्हाई ना असा कुनी?’ शिवी दे मला.

शांतवन : तो भोंगा सकाळीच मी दुरुस्त करून दिला होता.

गहिनीनाथ : व्हय. लई लांबवर गेला आवाज. माज्या डोक्यात तू न्हवतास रं, आईच्यान. माज्या डोक्यात नुसता तो पडद्यावरचा हुता.

शांतवन : मीही पाहिला होता तो, आदल्या दिवशी. तूच पास दिला होतास. मला हसू येत होतं. त्याच्या यंत्राला वीस-पंचवीस दिवे, सगळे लुकलुकतायत, आणि एरियलच नाही! वायर टेबलाखाली जाते आणि संपते. म्हटलं, हे कोण खरं मानणार?

मरिया : जाऊ दे आता, शांतू.

शांतवन : थेटर सुटलं आणि माणसं थेट इकडं आली. मी बनवलेल्या रेडिओची लिंबाला बांधलेली तार पहिल्यांदा तोडली. मग खोलीत शिरली, रेडिओ फोडला. जपानचं कार्ड एकाच्या हाती लागलं. मी सांगत होतो, लांबचं स्टेशन ऐकू आलं की आपण त्यांना पत्र लिहायचं, आवाज कसा आला ते कळवायचं, मग ते आठवण म्हणून कार्ड पाठवतात. माझ्या वर्गातल्या पोरीचा बाप होता तो. म्हणाला, ‘त्यो हेर बी असंच गोड बोलत हुता.’

गहिनीनाथ : रेडिओचं लायसन दाखवायचं हुतं की, पोस्टाचं!

शांतवन : दाखवलं. फौजदारानं ते नंतर वाचलं आणि सगळ्यांना हाकललं. पण त्याआधी माझा चष्मा काढून घेतला होता. कोण मारतंय तेही दिसलं नाही.

गहिनीनाथ : उद्या सगळ्या शेवगावात भोंगा फिरवतो. सांगतो, मास्तर निर्दोष हाय, चूक माजी हुती.

शांतवन : नको. लोकांना वाटेल, नवा खेळ आलाय.

गहिनीनाथ : मग दुसरा रेडिओ तरी बनव. सामान मी आनतो.

शांतवन : खरखरीतून एखादा बारीक आवाज वेगळा काढायचा म्हणजे दोन्ही कान लागतात, गहिनीनाथ. आणि लोक पोरांना माझ्या वर्गात बसू देत नाहीत. संस्थेनं जामखेडच्या शाळेत बदली दिलीय. सोमवारच्या एस्टीनं आम्ही निघतोय.

गहिनीनाथ : मावशी, तुमी बी?

मरिया : त्याला एकट्याला कसा सोडू?

शांतवन : दवाखान्यात पडल्यापडल्या एकच विचार करत होतो. पडद्यावरच्या त्या माणसाचं गाव कुठलं, त्याच्या घरी कोण, काहीच दाखवलं नव्हतं. केस पिंजारलेले, जाड चष्मा, नुसता हसत होता. त्याला गोळी लागली तेव्हा अख्खं थेटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मरिया : मीबी वाजवल्या, दुसऱ्या दिवशी, तीनच्या खेळाला.

शांतवन : तू? तू तर बाजारला गेली होतीस.

मरिया : शेजारच्या मनकर्णानं बाजारातनं थेटरात वडून नेलं. बायकांच्या बाजूला बसलो हुतो. लई वाजवल्या, हात लाल हुईस्तवर.

शांतवन : आई…

मरिया : खेळ सुटला तशी मानसं वरडत पुढं पळाली. म्हनलं, कुनाच्या दारात चाललीत, बघू तरी. म्हनून मीबी त्यांच्यामागं पाय उचलला.