ठिगळाचा सायलेन्सर

—नाही सूर्यभानभाऊ, नवा नको. कंपनीचा असला तरी नको. मले माहा जुनाच पायजे. गुरुवारी तुमी तुमच्याच हातानं काढला न, तोच. टाकला कुठी? भंगारात म्हणता, पण भंगार गेलं का हाये? हे, या खोक्यामागं? मंग झालं त. तुमी तुमचं काम करा, मी पाहतो.

काहून म्हणजे? मोटरसायकलची ओढच गेली न. तुमीच म्हणलं होतं, हा आखूड पाइप लावला की इंजिन मोकळं होते, पिकअप वाढते. वाढली — खोटं काहून बोलू — रिकाम्या गाडीवर, सरळ रोडवर वाढली. अन् काल वलगावहून दोन क्रेट वांगे अन् वरतं मेथीचा गठ्ठा घेऊन निघालो, त पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरात थरथर करून राहिली. पहिल्यात टाकली तवा कुठी चढली, म्हातारी म्हैस चढते तशी. मागून टेम्पोवाला म्हणते, उतरून ढकल ना बे. एक्सिलेटर सोडलं की फट्, फट् — अख्खी मंडी मान वळवून पाहते. पेट्रोल पिते ते वेगळंच. तुमी म्हणान, हवा जास्त होऊन राहिली, कार्बोरेटरचा जेट मोठा टाकावा लागते. लागत असन. मले नाही समजत. मी सातवीतून उठलेला माणूस, गाडीचं जे समजते ते दादानं शिकवलं तेवढंच. जेटले हात लावू नका. जुना सायलेन्सर बसवला की जेट आपोआप बरोबर होते.

हा नाही. हा त स्कूटीचा हाये. हाही नाही, हा लयच चांगला हाये. आमच्याले ठिगळ हाये, भाऊ, खालच्या अंगाले. सडून भोक पडलं होतं, त कुंदनदादानं फुटक्या घमेल्याचा तुकडा कापून डागला. स्वतः. वेल्डिंग मशीन मागून आणली, चष्मा नाही आणला, दोन दिवस डोळ्यावर काकडीच्या फोडी ठेवून पडला होता. अन् डागता डागता आतली जाळी सुटली, हालवलं की खडखडते. म्हणून एकेक हालवून पाहून राहिलो, येड नाही लागलं मले. चालता चालता एक्सिलेटर सोडलं की मधात खर्र करे. मी म्हणलं, दादा, हा टाकून दे. त म्हणे, राहू दे, हॉर्नचं काम वाचते.

हो, मीच म्हणलं काढा म्हणून. मीच. पिकअप पायजे असंही मीच म्हणलं. अरे पिकअप घेऊन कुठी जाणार होतो मी, मंडीत अन् घरी.

माय. मायसाठी काढला. आता विचारलंच त ऐका, नाही त म्हणान पोट्टा चार दिवसात फिरला. आमची माय शाळेच्या वळणावरून त्या गाडीचा आवाज ओळखे. खर्र झालं की उठे अन् तवा ठेवे. दादाले भाकर तव्यावरचीच लागे, डब्यातली काढून देली की ताटच सरकवे. आता दादा जाऊन चार महिने झाले अन् गाडी मी चालवतो. वळणावर खर्र होते, माय उठते, तवा ठेवते. मी दारात येतो. ती मले पाहते, मंग माह्या मागं पाहते. मंग तवा उतरवते. रोज. पहिले तीन महिने एक दिवस नाही सुटला. बाबा म्हणले, गाडी ईक नाही त बंद करून ढकलत आण. ढकलली न — महिनाभर ढकलली शाळेपासून, रिकामे क्रेटं बांधून, पोट्टे हासत. पण एखाद्या दिवशी इसरतोच माणूस, अन् पुन्हा तवा चढे. म्हणून गुरुवारी मनात आलं अन् तुमच्या दारात आलो. कोणाले विचारलं नाही. माहं तसंच हाये, आधी करतो.

अन् जमलं, भाऊ. त्या दिवशी फटफट करत अंगणात गेलो, माय उठली नाही. तांदूळ निवडत बसली होती. मले इतकं बरं वाटलं का सांगू. जेवणं झाली आमची. म्हणलं, माय, तू बस न. त म्हणते, येऊ दे त्याले. गाडी नाही आली अजून.

गाडी अंगणात उभी. तिच्या समोर.

चार दिवस झाले, तेच. आधी तवा उतरवून, डोळे पुसून जेवे त खरी. आता दारात बसते अन् ताट तसंच.

तुमी पाना काहून ठेवला खाली? करा न तुमचं काम. असं पाहू नका माह्याकडं. मी काही… दादा गेला त्या दिवशी माहं चुकलं, ते मले माहीत हाये. विहिरीवर मोटरपंपाच्या स्टार्टरचा करंट लागला दादाले. लोकांनी जीपमध्ये टाकलं, पण टाकतानाच समजलं होतं सगळ्याले. बाबा म्हणले, तू पुढं जा, मायले सांग. दादाची गाडी वावराच्या धुऱ्यावर उभी, चावी तशीच. मारली किक. वावरापासून घर किती — एक किलोमीटर. पळत गेलो असतो त काय झालं असतं? नाही सुचलं. वळणावर खर्र झालं. अंगणात पोचलो त तवा चुलीवर. आतूनच म्हणते, आज लवकर आला रे बाप्पा. मी बोललोच नाही. तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मी दाराशी उभा. भाकर फुगली. तोवर उभा राहिलो, भाऊ. हे मी घरात कोणाले सांगतलं नाही. तुमाले काहून सांगून राहिलो काय माहीत.

थांबा. खडखडला. हा — हे पाहा ठिगळ. हाच. उचला, लावा. पुसू नका त्याले, राहू द्या गंज. पॅकिंग नवं टाका पायजे त. तो आखूडवाला ठेवा तुमच्याजवळ, कोण्या हौशी पोट्ट्याले द्या. आवळा अजून, हां. तुमीच मारा किक, माहे हात काळे झाले.

द्या रेस. अजून.

हा एवढ्या जोरात वाजे? मी त दादाच्या मागंच बसलो कायम, नाही त वरून चालवली. खाली उभं राहून कधी ऐकलाच नाही… सोडा एक्सिलेटर. एक डाव सोडा.

…पुन्हा.

बंद करा. भाऊ, बंद करा म्हणतो न.

चावी द्या.