गणपती कोणत्या डब्यात?

…आन वर ती कचरागाडीवाली म्हणते, दुधाची पिशवी धुऊन वाळत घाला! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, अख्खा घनसावंगी तालुका माझ्या घंटीवर थांबायचा आन माझ्या घंटीवर निघायचा, आन आज माझ्या दारातल्या दोरीवर काय वाळू राह्यलंय? पायजमा न्हाई, टोपी न्हाई… दुधाच्या पिशव्या! चिमटा लावून! शेजारचा बद्रीनाथ येता-जाता विचारतो, "काय रामकिसनराव, आज किती लिटर वाळलं?" मी आपला पिशवी झटकतो.

कचऱ्याला नगरपंचायतीनं दोन डबे दिलेत हो. एक हिरवा, एक निळा. हिरव्यात ओला, निळ्यात सुका. सोपं हाय म्हणता? या मंग आमच्या घरी! चहाचा चोथा ओला, कबूल. चहाचं पाकीट सुकं, कबूल. नारळाचं काय? आतून ओला, बाहेरून सुका, आन शेंडी तर शेवटपर्यंत काहीच सांगत न्हाई. केळीचं साल ओलं, ठीक हाय, पण चार दिवस खिडकीत विसरलं, वाळून पार कडक झालं, आता ते ओलं का सुकं? मी साल हातात घेऊन उभा, आमची गिरिजाबाई स्वयंपाकघरातून ओरडती, "अहो, काय आरती करता का त्याची? टाका की!" अगं, पण टाका म्हणजे… हे कोणत्या डब्यात टाकायचं?

आन चुकलं तर? चुकलं तर अनवरीबी! कचऱ्याची गाडी येती सकाळी, भोंग्यावर गाणं वाजवत, आन मागं उभी राह्यते अनवरीबी, हातात लोखंडी आकडी. डबा घेत न्हाई आधी. झाकण उघडती, आकडी फिरवती, आत पाह्यते. एसटीत तपासनीस चढला की मी तिकिटाचा गठ्ठा जसा चाचपायचो ना, बराबर तसाच आता रोज दारात डबा चाचपतो. "चाचा, इस में सेल डाले तुम. रिमोट के. अलग देना बोली थी ना मैं?" अख्ख्या गल्लीसमोर! चाळीस बायका आपापले डबे घेऊन उभ्या! मी म्हटलं, "चुकून पडले हो." तर म्हणती, "डब्बे में कुछ भी चुकून नै पडता, चाचा. कोई तो डालता." सेल उचलले, खिशात घातले, आलो घरात.

पण हे काहीच न्हाई. खरी गोष्ट पुढंच हाय.

आमच्या पोरीचं, प्रियदर्शनीचं लग्न ठरलेलं. अंकुशनगरचं स्थळ. पोरगा सोन्यासारखा, पण त्याचा बाप, सोमेश्वरराव… तुम्हाला सांगतो, हा माणूस आयुष्यभर साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर बसलेला! एक किलो इकडं न्हाई, एक किलो तिकडं न्हाई. साखरपुड्यात एक टोपी कमी पडली होती, ती अजून काढतो. आन लग्न बारा दिवसांवर. गिरिजाबाई म्हणली, "रुखवत ठिवायला जागा पाह्यजे, ते पत्रिकांचं कपाट खाली करा."

पत्रिकांचं कपाट म्हणजे? आता तुमच्या घरी न्हाई का? लबाड बोलू नका! चाळीस वर्षांच्या लग्नपत्रिका. कोणाकोणाच्या! ज्यांच्या पोरांना पोरं झाली त्यांच्यासुद्धा. काहून ठिवल्या? कारण वर गणपती हाय! गणपती कचऱ्यात टाकायचा? हिंमत हाय तुमची? माझी न्हाई. मंग ठीव कपाटात, ठीव माळ्यावर, ठीव गादीखाली. मी विचार करू राह्यलो, हे कोणत्या डब्यात टाकायचं?

शेवटी अनवरीबीलाच विचारलं. वाटलं, म्हणंल कागद हाय, टाका निळ्यात. तर मागंच सरकली! "नै चाचा, भगवान का फोटो मैं कचरे में हात नै लगाती. हमारे शादी के कार्ड पे भी ऊपर अल्लाह का नाम रहता. हम क्या करते, उतना कात्री से काट के अलग रखते. बाकी कागज नीले में." बघा! इतकी सोपी गोष्ट, आन चाळीस वर्षं आमच्या डोक्यात आली न्हाई.

झालं. शनिवारी संध्याकाळी बसलो कात्री घेऊन. वरच्या फळीपासून सुरुवात. आता तीस वर्षं गर्दीत तिकीट फाडलेला माणूस मी, हाताला बघायची सवयच न्हाई! डोळे टीव्हीवर, हात कात्रीवर. गणपती गोल कापायचा, पिशवीत टाकायचा, पत्रिका खाली. कचाकच, कचाकच. चष्मा? चष्मा कशाला, गणपती काय बारीक असतो का? मधीच एकदा शंका आल्ती, खोटं न्हाई बोलत. म्हटलं, सारखा तोच गणपती कसा लागू राह्यलाय? दोनशे पत्रिका एकाच लग्नाच्या? मंग मीच मनाला सांगितलं, आपल्या पोराच्या, अंगदच्या लग्नातल्या उरलेल्या असतील, तवा जास्तीच छापल्या होत्या. बिलकुल समाधान झालं माझं! माणसाला स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो?

रविवारी अंगद गोदाकाठी चालला होता, त्याच्या हाती ती पिशवी दिली. त्यानं भक्तिभावानं हात जोडून विसर्जन करून टाकलं. मी इकडं खालच्या फळ्या काढल्या, त्यांच्या गणपतींची दुसरी पिशवी भरली. सोमवारी सकाळी समद्या पत्रिका निळ्या डब्यात, दाबून दाबून. अनवरीबीनं झाकण उघडलं, आकडी फिरवलीच न्हाई! "वा चाचा, आज एकदम बराबर." छाती अशी फुगली माझी… पोरीच्या लग्नाआधी आपण माणसात आलो म्हटलं!

आन दुपारी प्रियदर्शनी विचारती, "बाबा, वरच्या फळीवरल्या माझ्या पत्रिका कुठं हायेत?"

तुम्हाला सांगतो… तवा मला तो दोनशे वेळा लागलेला एकच गणपती आठवला! चार वेळा जालन्याला जाऊन आल्ती हो पोरगी त्या पत्रिकेसाठी! रंग पसंत केला, कागद हात लावून पाह्यला, पहिल्या पगारातून केल्ती, म्हणली, "बाबा, माझ्या लग्नाची पत्रिका माझी मी करणार." आन अंगदनं शुक्रवारी आणून वरच्या फळीवर ठिवल्या, मला सांगितलंसुद्धा असंल, पण टीव्ही चालू असताना मला सांगणं म्हणजे काय, तुम्हीच समजा. एक पत्रिका वाटली नव्हती अजून! पहिली जांबला समर्थांच्या रामापुढं ठिवायची, मंग अंकुशनगरला, वजनकाट्याला! गिरिजाबाईनं कात्री उचलून कुलपात ठिवली. आता ही माझी अक्कल… हे कोणत्या डब्यात टाकायचं?

अंगदच्या गाडीवर मागं बसलो, गेलो गावाबाहेरच्या शेडवर. तिथं कचरा निवडू राह्यल्या होत्या बाया. बघतो तर काय, अनवरीबी एका गठ्ठ्यावर बसलेली! उठायलाच तयार न्हाई. म्हणती, "आव चाचा, तुम्हारीच राह देख री थी. मैं सातवी तक मराठी पढी. पुराने कार्ड में आगे की तारीख कैसी? नाम प्रियदर्शनी. हमारी प्रियदर्शनी की शादी तो अभी होनी है ना?" दोनशेच्या दोनशे! मोजून! एकाला डाग न्हाई. म्हणली, "तुम्हारा सुका साफ था, इस वास्ते बचे. वो बद्रीनाथ का डब्बा देखो, उस में रहते तो वरण में तैरते."

मी तिच्या पाया पडायला वाकलो, खरं सांगतो, लाज न्हाई. तिनं आकडी आडवी घातली.

पण घरी आणल्या तर काय? पत्रिका हायेत, गणपतीच्या जागी भोक! ही पत्रिका वाचताना सोमेश्वररावांचा डोळा भोकातून पलीकडं दिसणार! पोरगी पत्रिका हातात घेऊन बसली. मी म्हटलं आता रडती. तिनं भोकात बोट घातलं, हलवलं… आन हसायलाच लागली. हसू आवरंना. म्हणली, "बाबा, दुसऱ्या पिशवीत किती गणपती हायेत?"

दुसरी कोणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मंग काय! गिरिजाबाईनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, अनवरीबी आपली सून अर्शियाला घेऊन आली, आन दोन दिवस आमच्या वसरीत चाळीस वर्षांचे गणपती चिकटू राह्यले. एक बसलेला, एक नाचणारा, एक फेट्याचा, एकाला नुसती सोंड आन टिळा. "चाचा, ये बहोत अच्छा है, ये लडके वालों को देना," म्हणत अर्शियानं एक काढून दिला. दोन पत्रिका सारख्या न्हाईत! वाटायला गेलो, तर लोक पत्रिका वाचंनात, गणपतीच पाहू राह्यले. गल्लीतल्या वंदनाबाई ओरडल्या, "अगं बया, हा तर आमच्या शीतलच्या लग्नातला गणपती!" आन डोळे पुसले त्यांनी. त्यांच्या त्या पोरीचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली. लग्नाला येताना त्यांनी शीतललापण आणलं. पहिली रामापुढं ठिवल्ती, दुसरी अनवरीबीच्या हातात दिल्ती.

राह्यली अंकुशनगरची. गेलो. सोमेश्वररावांनी चष्मा लावला. पत्रिका उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. नखानं गणपतीची कड खरवडली! मी समदं सांगून टाकलं. कात्री, टीव्ही, गोदावरी, शेड, खळ… काहीच न्हाई ठिवलं. त्यांनी चष्मा काढला. त्यांची बायको दारात उभी राहून समदं ऐकू राह्यली. मनात म्हटलं, संपलं रामकिसन, टोपीला ही पत्रिका जोडीला आली.

तर ते आपल्या बायकोकडं वळले आन म्हणतात, "ऐकलंस? गणपती कापून काढता येतो!"

लग्न झालं. छान झालं, बराबर झालं, टोप्या पुरल्या. पोरगी नांदायला गेली, घर कसं सुनं-सुनं झालं, मी आपला तिच्या फोनची वाट पाहत बसलेलो. आला हो फोन, तिसऱ्याच दिवशी आला! मी म्हटलं, "कशी हायेस गं? आठवण येती का बापाची?"

म्हणली, "लई येती बाबा. मामंजींना तर माझ्याहून जास्ती येती. ते म्हणू राह्यलेत, चार दिवस मुक्कामाला या. त्यांच्याकडं पत्रिकांची दोन कपाटं हायेत."