संकासुराने कुणाची उडवावी

सन्माननीय अध्यक्ष, मंचावर विराजमान प्रमुख पाहुणे, गुरुजनवर्ग, ज्यांच्या निवृत्तीसाठी हा मंडप सजला त्या आमच्या कोन्सेसांव टीचर, आणि मागच्या खुर्च्यांवर बसून माझ्याकडे एक डोळा व जेवणाकडे दुसरा लावलेले माझे बंधू-भगिनी!

मी गुरुदास. या शाळेतून नववी पास, दहावी पसार. सध्या तारकर्लीत पाहुण्यांना लाइफ जॅकेट चढवतो. पावसाळा लागेपर्यंत तरी चढवीन. माझं नाव यादीत नव्हतं. टीचरांनीच सांगितलं, "गुरुदासाक बोलूंदे." आता भोगा!

टीचरांनी एकदा मराठीच्या तासाला फळ्यावर दहा शब्द लिहिले. मस्करी, थट्टा, फिरकी, खिल्ली, टर, टिंगल, टवाळी, हेटाळणी, उपहास, कुचेष्टा. दहा! माणूस माणसाला हसतो, एवढ्याशा कामाला दहा शब्द? आणि प्रत्येकाचा तोरा वेगळा. फिरकी घेतात, खिल्ली उडवतात, टिंगल करतात. मी इन्सुलीच्या नाक्याजवळ चहाच्या टपरीवर होतो, तिथे एक हरियाणाचा ट्रकवाला मला विचारी, "टर म्हंजे काय?" मी समजवायला गेलो आणि त्याचा चहा त्याच्याच मांडीवर... असो. अध्यक्षमहाराज घंटीकडे हात नेतायत. आलो, मुद्द्यावर आलो.

ते दहा शब्द फळ्यावर आले माझ्यामुळे. आदल्या दिवशी स्नेहसंमेलन होतं, त्यात आम्ही दशावतार बसवला आणि मी झालो संकासुर. काळा झगा, हातभर लाल जीभ. संकासुराला मुभा कशी असते, तुम्हाला ठाऊक आहे. समोर बसलेल्या कुणालाही बोलावं, सरपंच असो की देवळाचा मानकरी, आणि कुणी रागवायचं नाही. मी सुटलो! मुख्याध्यापकांची छत्री थट्टेला घेतली, टीचरांचं गोव्याकडचं मराठी घेतलं. टीचर इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला.

मग विनोद संपले. टाळ्या मात्र हव्या होत्या. समोर समद दिसला. आमच्या वर्गात पहिला येणारा समद, बोलताना अडखळायचा. त्याची अम्मी, आमची मुनिराचाची, बाजारात ओरडून मोरी मासा विकायची. मी जीभ हलवत म्हटलं, "म-म-म-मोरी घेवा मोरी!" तीनशे माणसं हसली. काय सांगू, असा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी समदचं बाक रिकामं. टीचरांनी शब्द लिहिले आणि विचारलं, "काल ह्यातला कितवा झाला रे?"

"पयलो, टीचर. मस्करी."

"हसलो कोण?"

"सगळे."

"समद?"

मी त्याच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. टीचर म्हणाल्या, "संकासुर मोठ्यांची टोपी उडयता रे. बारक्याची चड्डी ओढणा नाय."

वर्ग फुटला. मीही हसलो. पण समद शाळेत परत आलाच नाही. टीचर त्याच्या घरी चार वेळा जाऊन आल्या; तो बापाबरोबर होडीवर गेला तो गेलाच. मोठेपणी काय झाला असता, देव जाणे. त्यानंतर मी कसालला राहिलो, पणजीला राहिलो, कुठे टिकलो नाही. बाजारात समद दिसला की मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकतो. बारा वर्षं वाकतोय. चप्पल धडधाकट आहे!

तो आज आलाय. चौथ्या रांगेत, निळा सदरा.

समद, त्या दिवशी मी मस्करी केली नाही. फळ्यावरचा शेवटचा शब्द केला. कुचेष्टा. तुझी शाळा माझ्यामुळे सुटली. माका माफ कर.

...घंटी नको, अध्यक्षमहाराज! तो उठलाय, बोलतोय. त्याला वेळ लागतो. लागूंदे.

ऐकलंत ना मंडळी? मागच्यांसाठी सांगतो. समद म्हणतो, "मा-माइकार नको. माइकार तू तेव्वाय बोललंस. घराक ये, अम्मीक सांग. ती त्या दिवशी खूप रडली. आणि तिचो हात लांब आसा!"

हसताय? हसा, हसा! तो स्वतःच किती हसतोय बघा. आणि टीचर, तुम्ही चष्मा सांभाळा!

टीचर, आता तपासायला वह्या नाहीत, तर निवांत राहा, भरपूर मासे खा. मला बोलू दिलंत, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. उच्चारात, मानपानात काही चुकलं असेल तर या सभेने पोटात घालावं. उरलेल्या चुकीसाठी मी समदबरोबर मुनिराचाचीकडे निघालोय.

माझं पान वाढू नका.