लाल पिंपापर्यंत

बूट काढ म्हटलं ना— हातात घेऊन काय बसलायस, ठेव त्या फळीखाली— आणि मधे बस, मधे, होडी आहे ही, मीटिंग नाही, की दाराजवळची खुर्ची पकडायची आणि जांभई आली की सटकायचं. हं. आता भरलं बघ शीड. काही ऐकू येतंय? काहीच नाही ना? ह्याच्यासाठी येतो मी. रजेवर निघालो तेव्हापासून ऑफिसचा विचारसुद्धा केलेला नाही, शप्पथ. होडी मेहुण्याची. हौसेने घेतली आणि मग कळलं की स्वारी पाण्याला घाबरते— आमच्या सासरकडचं सगळंच असं— म्हणून माझ्या गळ्यात. बायको म्हणते, तुमचा चेहरा उजळलाय. म्हणजे घरात नसतो, म्हणून तिचा उजळलाय.

डोकं खाली. सांगितलं होतं, शीड वळलं की ही आडवी काठी फिरते, ती साहेब-शिपाई बघत नाही. वारा समोरून असला की सरळ जाता येत नाही रे— तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. हे तुमच्या त्या खरेदीवाल्याच्या टाळक्यात शिरेल? सगळा माल एकाच ट्रकमध्ये कोंबा म्हणे. पंप आहेत की बटाटे? आणि तो हिशेबवाला, चहा सांगायचा तरी दोघांना विचारतो. आणि मोठे साहेब तर काय, उंटावरून शेळ्या हाकणार— भर मीटिंगमध्ये मला म्हणतात, तुम्ही दमलाय, थोडी विश्रांती घ्या. मी म्हटलं घेतो, आनंदाने घेतो. उठलो, खुर्ची आत सरकवली आणि आलो. म्हटलं बघू आता, माझ्याशिवाय एक पंप गेटबाहेर कसा पडतो ते. मनात म्हटलं. मोठ्याने कशाला?

जाऊ दे. ऑफिसचं बोलायचं नाही इथे. ते लाल पिंप तरंगतंय ना, तिथून मागे फिरायचं. पुढे? पुढे सगळं मोकळं पाणी, ते बेट दिसतंय, तिथे लोक राहतात रात्रभर होडीत, स्वयंपाक करतात, काय काय करतात. मी नाही जात. पिंपाच्या पुढे फोनला रेंज नसते— म्हणजे तसं नाही, प्रवाह वाईट आहे तिकडे— आता हसू नकोस, फोन आणलाय तो काही झालं तर म्हणून. प्लास्टिकच्या पिशवीत आहे. कामाचा फोन आला तर उचलणारसुद्धा नाही. आलाच नाही म्हणा अजून. नाक वर आहे ना तुमचं, अडलं तरी फोन नाही करायचा.

बरं, आता किनारा आला. बोल. मघापासून घसा खाकरतोयस. मोठ्या साहेबांनी पाठवलंय ना? मला तू धक्क्यावर दिसलास तेव्हाच कळलं— सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हा गडी वारा खायला आलेला नाही. घोडं अडलं ना शेवटी? मी काही ताणून धरणार नाही. सांग, येतो म्हणावं सोमवारी. नाही, मंगळवार सांग, धावत आलो असं दिसायला नको.

किल्ली? कसली किल्ली?

माझ्या कपाटाची. बरं. कुलूप तोडणार होते, आणि तू म्हणालास की थांबा, मी विचारून येतो. एवढं केलंस. नाही, चांगलं केलंस. आत काय आहे माहितीये? छत्री, एक कप, जुनी कॅलेंडरं. त्याच्यासाठी कुलूप तोडणार होते— आणि कपाट कशाला हवंय? खोली रिकामी करताय. कोण बसणार तिथे, तो खरेदीवाला? मग कोण?

कोणी नाही.

मोडक्या खुर्च्या ठेवणार? माझ्या खोलीत? — आणि माल? माझ्याकडे बघून सांग. माल जातोय?

वेळेवर.

सगळा वेळेवर. आधीपेक्षा एक दिवस आधीच, असं म्हणतोस. मग माझं नाव निघतं का रे कधी— नको, नको सांगू. वाईट वाटतंय मला, आणि तुझ्या चेहऱ्यावर त्याहून जास्त दिसतंय, ते मला बघवत नाही.

ही घे. खिशातच असते. जरा वर उचलून फिरव, अडकते ती. छत्री तू ठेव, कप टाकून दे. बूट आधी धक्क्यावर ठेव, मग उतर— दोर धरून. घरी काही बोलू नकोस, बायकोला मी सांगेन. आणि हात नको करूस तिथून, मला आता तुझ्याशी बोलायचं नाहीये. जा.