न वाचता मंजूर करू नका

कांताबाई, मिलिंदची सगळी भावकी, आणि पुण्याहून, बीडहून आलेली त्याची मित्रमंडळी. विहाराचं हे सभागृह इतकं भरलेलं मिलिंदनं पाहिलं असतं, तर तो मागच्या दारानं निघून गेला असता. चार माणसं जमली की त्याला घाम फुटायचा.

मी बोलणार नव्हते. आत्ता त्याच्या चुलतभावाचं, राहुलचं भाषण ऐकलं आणि उठून आले. रडून झालंय माझं. आता भीती वाटतेय, आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते. मी तालुक्याच्या दवाखान्यात मेट्रन होते. निवृत्त झाले तरी वडगावात मला सगळे सिस्टर म्हणतात. मिलिंदही म्हणायचा.

कांताबाई, तुमचा मुलगा काय करायचा असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "कायतरी लिहीत बसतंय, पगार न्हाई त्याला." तर आज ऐका. तुमच्या मुलानं एक प्रोग्राम लिहिला. लहान मुलाचं वजन टाकलं की कुठलं औषध किती द्यायचं ते सांगणारा. आणि तो त्यानं विकला नाही. सगळा उघडा ठेवला. कुणीही फुकट वापरा, कुणीही उघडून बघा, कुणीही सुधारणा सुचवा. ज्या गावांची नावं तुम्हाला-मला उच्चारता यायची नाहीत, तिथल्या दवाखान्यांत आज तो चालू आहे. आत्ता, मी बोलतेय तेव्हाही कुठेतरी एखादी नर्स त्याच्यावर विश्वास ठेवून इंजेक्शन भरत असेल.

आता नीट ऐका. सुधारणा कुणीही सुचवू शकतो, पण ती आपोआप आत जात नाही. कुणीतरी ती वाचतं, प्रश्न विचारतं, दुरुस्तीला परत पाठवतं. पटली तरच मंजुरीचं बटण दाबतं. ते बटण मिलिंदकडे होतं. आणि दुसरं त्यानं राहुलकडे दिलं होतं, आपल्याला काही झालं तर काम परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून.

आणि राहुल आत्ता या माइकवरून काय म्हणाला? "दादाकडं पडून राहिलेले सगळे बदल मी आज सभा संपली की मंजूर करणार. दादाचं अडलेलं काम पुरं करणं हीच खरी श्रद्धांजली." आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

अडलेलं? कुणी सांगितलं अडलेलं होतं? ते अडवलेलं होतं. मिलिंदनं. मुद्दाम.

तुम्हाला आमची पद्धत माहीत नाही. आमच्या वॉर्डात लहान मुलाचं इंजेक्शन कुणी कधीही एकटीनं भरत नसे. एक जण बाटलीवरचं मोठ्यानं वाचायची, दुसरी ऐकून सिरिंजवरच्या खुणेकडे बघायची. कांताबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मिलिंदनं हे पाहिलं. मला म्हणाला, "सिस्टर, मोठ्यानं काहून वाचता? दोघींनाबी वाचता येतंय की." मी म्हटलं, "मनात वाचलं की माणूस स्वतःला हवं ते वाचतो." पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्या ओसरीवर हजर.

"सिस्टर, वाचा बरं."

"अरे, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुमाला कळायची गरजच न्हाई. लिहिलंय तेवढं वाचा. मी वाचलं की मला पाहिजे ते दिसतंय."

तेव्हापासून हा नेम. जगभरातून आलेले बदल मी वाचायचे, आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मला नन्सनी शिकवलंय. वाचताना स्वल्पविराम गिळला तर बोटांवर पट्टी बसायची. त्यामुळे मी कंस वाचायचे, टिंब वाचायचे, रिकामी ओळसुद्धा 'रिकामी ओळ' म्हणून वाचायचे. शेजारपाजारचे हसायचे. "सिस्टर कसली पोथी लावलीय?" हसा म्हणावं. मध्येच तो हात वर करायचा. "समजलं न्हाई. परत वाचा." आणि समजलं नाही तर मंजुरी नाही. पाठवणारा कितीही मोठा असो.

एकदा परदेशातल्या एका डॉक्टरांचा बदल आला होता. सज्जन माणूस, सुरेख इंग्रजी. मिलिंदनं तो मनात वाचला होता, त्याला आवडलाही होता. प्रोग्रामच्या सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मी आपली वाचत गेले. एका ओळीवर त्यानं हात वर केला. परत वाचायला लावली. मग डोळे न उघडताच म्हणाला, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात सगळ्यात हलकं लेकरू कितीचं आलतं?"

म्हटलं, "दीड किलोचं."

"हे त्याला दोन किलोचं समजतंय."

ती ओळ वजनाचा अपूर्णांक काढून पुढचा पूर्ण आकडा धरत होती. तुमच्या-माझ्यासारख्याला त्यानं काही होत नाही. दीड किलोच्या जिवाला औषध किती जास्त गेलं असतं, याचा हिशेब मी तिथंच मांडला: एक तृतीयांश जास्त. चाचण्या हिरव्या का होत्या? कारण चाचणीसाठी घेतलेली सगळी वजनं पूर्ण किलोंतली होती. त्या डॉक्टरांनी नंतर माफी मागितली, आभारही मानले. चांगल्या माणसाची चूक होती ती. म्हणून तर जास्त भीती वाटते. चांगल्या माणसाच्या हातून हे होतं.

आणि आता पडून असलेल्या बदलांतला एक असा आहे, की तो पाठवणारा माणूस चांगला आहे की वाईट हे मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. नाव आहे, चेहरा नाही. बदल लांबलचक. त्यात एक फाइल आहे, तिचं काम काय ते सांगितलेलं नाही. मिलिंदनं विचारलं, ही फाइल कशाला? उत्तर आलं नाही. परत विचारलं. उत्तराऐवजी नवीनच माणसं बोलायला लागली. एक म्हणे, किती उशीर लावता. दुसरा म्हणे, झेपत नसेल तर काम दुसऱ्याला द्या. मी ते सगळं मिलिंदला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सिस्टर, नावं येगळी हायेत, पण हे सगळे एकाच घरातून बोलल्यावानी वाटतंय. मला भ्या वाटायलंय."

शेवटी शेवटी तो जेवायचा नाही. आणि त्याच वेळी आपण त्याला काय म्हणत होतो? कुणाचं नाव घेत नाही, इथंच बसलेत. "लोकं फुकट काम करायला तयार हायेत अन् तू लई शाना, अडवून धरतो." एकानं तर त्याला तोंडावर विचारलं, "तू काय कलेक्टर हाय का बे, सही अडवायला?" मिलिंद हसला होता. घरी आल्यावर हसत नव्हता.

तो गेल्याची बातमी कुणीतरी तिथं, बदलांवर बोलणं चालतं त्या पानावर लिहिली. पहिला शोकसंदेश कुणाचा आला, सांगू? त्याच बिनचेहऱ्याच्या माणसाचा. फार सुंदर लिहिलाय. मी इंग्रजी जन्मभर वाचलंय, इतका नीटनेटका शोक क्वचित पाहिला. आणि त्याच्या खाली एक ओळ. त्यांच्या स्मरणार्थ आता हा बदल मंजूर करावा.

राहुल, तू ती ओळ वाचलीस आणि तुझे डोळे भरले. मला माहीत आहे. तुझं दादावर प्रेम होतं. पण बाळा, तुझ्या तोंडातलं श्रद्धांजलीचं वाक्य तुझं नाही रे. ते त्या बिनचेहऱ्याच्या माणसानं लिहून पाठवलेलं आहे.

कदाचित तो भला असेल. कदाचित ती फाइल निरुपद्रवी असेल. मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण आज संध्याकाळी तू बटण दाबलंस, तर उद्या कुठल्या वॉर्डात, कुठल्या पाळण्यापाशी काय होईल, तेही सांगू शकत नाही. आणि ते झालंच, तर आपल्याला कळणारही नाही. एक लेकरू दगावलं, एवढंच त्या आईला सांगतील. नाव निघालंच तर मिलिंदचं निघेल.

मला मिलिंदच्या नावावर ते नकोय. कांताबाई, तुम्हालाही नकोय.

म्हणून आता सगळे उभे राहा. राहुल, तू पुढं ये. तुझा फोन मिलिंदच्या फोटोपाशी ठेव. हं, पालथा ठेव. आपण दोन मिनिटं शांत राहू. या दोन मिनिटांत कुणी काही मंजूर करायचं नाही.

शांतता संपली की ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं. मी इथंच बसणार आहे. लॅपटॉप आणलाय. तो बदल मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचणार, कंस-टिंबांसकट. राहुल, तू समोर बसायचं, डोळे मिटून. जिथं समजणार नाही तिथं हात वर करायचा. लाजायचं नाही.

जय भीम, मिलिंद. तू ऐक.