सुमनकाकूंच्या गिरणीवरची रांग

आमच्या विश्रांतवाडीच्या गल्लीतली सुमनकाकूंची गिरणी कशी वाचली, ते ऐका. रस्ता खोदून ठेवल्यापासून गल्लीत गिऱ्हाईक फिरकेना. काका गेल्यावर काकू एकट्याच गिरणी चालवायच्या. एकदा ज्वारीचं पीठ आणायला गेलो, तर म्हणाल्या, "हे शेवटचंच दळण. आता गिरणी विकून टाकते."

मला काही चैन पडेना. संध्याकाळी सोसायटीतल्या सगळ्यांना जमवलं. रविवारी प्रत्येकाने दळण घेऊन जायचं ठरलं. शेजारचे जोशी तेवढे हळूच म्हणाले, "जाऊ हो, पण दळायचं काय? आमच्याकडे तयार पीठ येतं."

सगळ्यांकडे तेच!

मग वरात निघाली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. तोही बिचारा माश्या मारत बसलेला. "सगळ्यांनाच गहू? कुणाच्या घरी लग्न आहे का?" त्याच्याकडचे गहू संपले, मार्केट यार्डातून पोती मागवावी लागली. न्यायला डबे नव्हते, म्हणून भांडीवाल्याकडचे डबेही संपले.

रविवारी सकाळी खड्ड्यांवरच्या फळ्यांवरून तोल सावरत सगळी सोसायटी गिरणीसमोर हजर झाली. काकू दारातच थबकल्या. मग पदराने डोळे टिपले आणि गिरणी सुरू केली.

मी पुढे होऊन डबा ठेवला. म्हटलं, "काकू, या सगळ्यांना मीच आणलंय बरं का."

"फार उपकार झाले," काकू म्हणाल्या. "आता मागे जाऊन रांगेत उभे राहा."